शहराचा ओला कचरा आपल्या वाफ्यात



आपली भाजी कर्जत-खोपोलीच्या बाजारात जाते. तिथे तिच्या साली, देठं आणि सडका पाला निघतो. तो प्लॅस्टिकमध्ये मिसळला की थेट डम्पिंगवर. म्हणजे शेतातला कस शहरात गेला, तो परत आलाच नाही आणि आपण खताची गोणी विकत आणली. ही वाट गोल करता येते. त्यासाठी नवं शहर वसवावं लागत नाही, आहे त्याच शहरात ते होतं.

वेंगुर्ल्यात हे झालं आहे. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने घराघरातून कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, तर प्लॅस्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. जिथे कचऱ्याचे ढीग होते, ती जागा लोक बघायला येऊ लागले. हेच कोकरे पुढे आपल्या कर्जत नगरपरिषदेतही मुख्याधिकारी होते.

सगळं अडतं ते कचरा वेगळा करण्यावर. ओला कचरा पिशवीत कोंडला की त्याला हवा मिळत नाही. तो कुजतो, घाण वास सुटतो, मिथेन वायू तयार होतो आणि काळं पाणी झिरपतं. पावसाळ्यात ते पाणी ओढ्यात उतरतं. कर्जतचे ओढे उल्हास नदीला मिळतात, खोपोलीचे पाताळगंगेला. तेच पाणी पुढच्या गावांना जातं.

तोच ओला कचरा वेगळा ठेवून त्यात दुप्पट-तिप्पट सुका पालापाचोळा मिसळा, आठवड्याला ढीग वरखाली करा आणि वर ताडपत्री टाका. दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचं काळं खत तयार होतं. भाताचा तरवा, वाल, भाजीचे वाफे, सगळ्यांना चालतं.

यात आपला गट कुठे? पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत तर स्पष्ट लिहिलं होतं की कचऱ्याच्या कामात स्थानिक संस्थांनी बचत गटांना सामील करून घ्यावं. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या हॉटेल-रिसॉर्टवरही तो वेगळा करण्याची जबाबदारी टाकली होती. अशी रिसॉर्ट आपल्या तालुक्यांत किती आहेत, हे तुम्ही जाणताच.

पण काम घेताना डोळे उघडे ठेवा. हातमोजे, बूट आणि ठरलेली मजुरी लेखी घ्या. डायपर, पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून आणि सुया, काचा टणक बंद डब्यात, खूण करून आल्या पाहिजेत. शहराचं खत घेताना मूठभर चाळून बघा. काच किंवा प्लॅस्टिक निघालं तर गोणी परत करा. कचरा वेगळा करायचा तो शहरानेच, त्यांची घाण निवडत बसणं हे आपलं काम नव्हे.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, ठराव लिहा आणि त्याची प्रत नगरपरिषदेत देऊन पोच घ्यायला विसरू नका.