स्टील जोडायचे, तर गॅस कोणता?

परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात आजही तोफा पाहायला मिळतात, पण तिथली सर्वांत नामांकित तोफ आता विजापूरला आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलुखमैदान तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यावर आली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरारपंतांनी ती विजापूरला नेली. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची ही अजस्र तोफ उन्हापावसात पावणेपाचशे वर्षे टिकून आहे. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी धातुकाम आता पत्र्याच्या शेडमध्ये चालते. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरची ट्रॉली हे तिथले रोजचे काम. त्यात स्टेनलेस स्टीलची भर पडली आहे. जिन्याचे कठडे आले, दुधाच्या टाक्या आल्या. भूम-परंडा हा तर दुधाचा आणि खव्याचा पट्टा. इथे स्टीलचा सांधा नुसता दिसायला चांगला असून भागत नाही, तो अन्नाला चालणारा हवा.

छोटी इन्व्हर्टर मशिन आता घरी ठेवण्याजोगी झाली आहेत. हौसेने किंवा जोडधंदा म्हणून वेल्डिंग शिकणारे पुष्कळ आहेत. साध्या लोखंडावर हात बसला की स्टील घ्यावेसे वाटते आणि पहिला प्रश्न गॅसचा येतो. लोखंडाला चालणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घरात असतोच. तोच वापरला तर काय बिघडते?

बरेच बिघडते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागते; भांडी-टाक्यांना वापरतात त्या ३०४ प्रतीत ते १८ ते २० टक्के असते. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. ओरखडा पडला तर थर आपोआप पुन्हा धरतो. पण हे थंड धातूचे झाले. वेल्डिंगच्या उष्णतेत हवा लागली की हाच ऑक्सिजन क्रोमियम खाऊन टाकतो. वरचा थर जाड आणि सच्छिद्र होतो, खालच्या धातूत क्रोमियम कमी पडते, आणि वर्षभरात सांध्याच्या कडेला तांबूस गंज दिसू लागतो. गिऱ्हाईक म्हणते, स्टील हलके लावले. स्टील चांगलेच असते. ते सांध्यापाशी मारले गेलेले असते.

कार्बन डायऑक्साइडचा उपद्रव वेगळा. ज्योतीत तो फुटतो, ऑक्सिजन सुटतो आणि सांध्यात कार्बनही शिरतो. साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात हा कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि कणांच्या कडा क्रोमियमविना उघड्या पडतात. म्हणूनच ३०४एल ही कमी कार्बनची प्रत निघाली. तिच्यात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के असतो. असे पारखून घेतलेले स्टील कार्बन डायऑक्साइडखाली जोडले, तर त्यासाठी मोजलेले पैसे पाण्यात गेले.

आता निवडीकडे येऊ. टिग मशिन असेल, ज्याला आपल्याकडे बहुतेक जण सरळ ‘आर्गॉन वेल्डिंग’च म्हणतात, तर प्रश्नच उरत नाही: शुद्ध आर्गॉन, ९९.९९ टक्के किंवा त्याहून वरचा. त्यात कार्बन डायऑक्साइड किंवा ऑक्सिजन मुळीच नको, कारण टिगमध्ये ज्योत धरणारी टंगस्टनची तापलेली सळई त्यात जळून जाते. ही पद्धत १९४१ च्या सुमारास अमेरिकेत विमानाच्या मॅग्नेशियम भागांसाठी रसेल मेरेडिथ यांनी बसवली. तेव्हा गॅस हेलियम होता. पुढे आर्गॉन स्वस्तात मिळू लागला आणि तोच रूढ झाला. हवेत आर्गॉन एक टक्क्याच्या आसपास आहे. हवा थंड करून द्रवरूप केली की तो उणे १८६ अंशांवर ऑक्सिजन आणि नायट्रोजनपासून वेगळा काढता येतो. तो कशाशीच संयोग पावत नाही आणि हवेपेक्षा जड असल्याने सांध्यावर बसून राहतो. एवढे दोन गुण पुरेसे आहेत.

मिग मशिनचे, म्हणजे सतत तार सोडून जोडणाऱ्या मशिनचे, गणित थोडे निराळे. तिथे निव्वळ आर्गॉन घातला की ज्योत अस्थिर होते आणि वितळलेला धातू कडेला नीट पसरत नाही. म्हणून आर्गॉनमध्ये दोन टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड किंवा एक-दोन टक्के ऑक्सिजन मिसळतात. दुधात विरजण घालावे तितकेच. हात सैल सुटला की बिघाड. लोखंडासाठी मिळणारे ८०-२० चे मिश्रण स्टीलला लावू नये. हेलियम मिसळलेली मिश्रणे उत्तम चालतात, पण हेलियम महाग आहे आणि घरगुती कामाला त्याची गरज नाही.

आणि ज्याला वर्षातून दोन-चारदाच स्टील जोडायचे आहे, त्याने गॅसच्या भानगडीत पडूच नये असे माझे मत आहे. ३०८एल प्रतीचा स्टीलचा रॉड साध्या आर्क मशिनवर चालतो आणि त्याचे कवच जळून सांध्याचे संरक्षण आपणच करते. स्टीलला लोखंड जोडायचे असेल तर ३०९एल घ्यावा. मात्र दोन मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याला रॉडने भोके पडतात. तिथे टिगला पर्याय नाही.

चांगला गॅस आणूनही सांधा काळा पडतो, याची कारणे बहुधा शेडमध्येच असतात. रेग्युलेटरवर टिगला मिनिटाला सात ते दहा लिटर पुरतात, मिगला बारा ते अठरा. जास्त सोडला की झोत खळबळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. परंड्याकडच्या मोकळ्या रानातला वारा तर सरळ गॅस उडवून लावतो. आडोसा करा, पंखा बंद ठेवा. सांधा संपला की टॉर्च लगेच उचलू नका. दर दहा अँपिअरला एक सेकंद या हिशेबाने गॅस वाहू द्या, म्हणजे ८० अँपिअरला आठ सेकंद. मग सांध्याचा रंग पाहा. रुपेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर झकास. जांभळा-निळा म्हणजे संरक्षण अपुरे, राखाडी म्हणजे काम फसले. निळी इंद्रधनुषी झाक काहींना कलाकुसर वाटते, पण अन्नाच्या भांड्यावर ती असेल तर घासून आणि पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून काढलीच पाहिजे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मागच्या बाजूकडे. दुधाच्या नळीचा सांधा बाहेरून आरशासारखा दिसतो. नळी कापून आत पाहा. तिथे काळी, खरखरीत, फुगीर कड असते, जळालेल्या साखरेच्या पाकासारखी. वेल्डर तिला ‘शुगरिंग’ म्हणतात. त्या खाचांमध्ये दूध अडकते, जंतू वाढतात, आणि कितीही सोडा घातला तरी नळी धुऊन निघत नाही. उपाय सोपा आहे. नळीची दोन्ही तोंडे टेपने किंवा अॅल्युमिनियमच्या फॉइलने बंद करा, एका बाजूने आर्गॉन हळू सोडा, दुसरीकडे बारीक भोक ठेवा आणि आतली हवा निघून गेल्यावरच ज्योत पेटवा. ३०४ साठी मागच्या बाजूला नायट्रोजनही चालतो आणि तो स्वस्त पडतो. सपाट पत्र्याला मागे तांब्याची पट्टी दाबून धरली तरी बरेच काम होते. याला दहा मिनिटे जास्त लागतात आणि गॅसही जास्त जातो. पण खव्याच्या किंवा दुधाच्या भांड्याला ही दहा मिनिटे न देणारा कारागीर मला कारागीर वाटत नाही.

खर्चाचा अंदाज घेऊ. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर गॅस असतो. मिनिटाला आठ लिटर धरले तर साडेचौदा तास ज्योत चालते. हौशी माणसाला तो महिनोन् महिने पुरतो, फक्त नळी गळता कामा नये. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. आपल्याकडे आर्गॉनचा सिलिंडर निळा असतो, पण रंगावर विसंबू नका, चिठ्ठी वाचा. सिलिंडरच्या गळ्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. ही चाचणी पाच वर्षांनी व्हावी लागते. तारीख उलटलेला सिलिंडर फुकट दिला तरी घेऊ नका. जीपमध्ये आडवा टाकून, टोपीविना आणणे तर जिवाशी खेळ आहे.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला सिलिंडर शुद्ध आर्गॉनचा घ्यावा. तो टिगला चालतो, सांध्याच्या मागे सोडायला चालतो, उद्या अॅल्युमिनियम शिकायचे म्हटले तरी चालतो. आणि एक विनंती. आर्गॉनला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत किंवा टाकीच्या तळाशी तो साचला तर श्वासातला ऑक्सिजन हटतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. स्टीलच्या धुरात घातक क्रोमियमही असते. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, तोंडावर योग्य मास्क लावा, आणि टाकीत उतरायचे असेल तर बाहेर माणूस उभा केल्याशिवाय आणि आत ताजी हवा सोडल्याशिवाय उतरू नका.