जयंती ते बुद्धपौर्णिमा : भोजनात मात्रा हवी

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांतून उत्साहाला भरती येते. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. पाठोपाठ लग्नसराई, मुलांची सुट्टी, गावाकडची फेरी आणि वैशाख पौर्णिमेची खीर. चौकाचौकात बुंदी, सरबत, पुरीभाजी आणि घरी आमरस. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मुलांचे कपडे आखूड झालेले असतात, हे ठीकच. पण आईवडिलांचेही कपडे घट्ट होतात, त्याचे काय?

आपल्या आजी-आजोबांनी गावाच्या शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले. ते तुकडे नाकारून स्वाभिमानाची भाकरी खायला बाबासाहेबांनी शिकविले. म्हणूनच पोटभर वाढणे ही आपल्याकडे माया आहे, मान आहे. तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु ती पिढी गिरणीत, शेतात, बांधकामावर राबत होती, खाल्लेले जिरत होते. आज आपली मुले-मुली शिकून खुर्चीवर बसली. ताट आजोबांचे आणि काम खुर्चीचे, हा मेळ बसत नाही. मग वजन वाढते आणि मधुमेह, रक्तदाब घरात शिरतात. खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतोच.

हिशेब साधा आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक, एक लहान चमचा साखर म्हणजे सुमारे २०. गरजेपेक्षा रोज २५० उष्मांक जास्त गेले, तर ३० दिवसांत ७,५०० होतात. एक किलो चरबी साधारण एवढ्याचीच बनते. दरवर्षी एक किलो चढला आणि उतरला नाही, तर दहा वर्षांनी काय होईल, ते सांगायला नको.

तथागतांनी हा विषय स्वतः हाताळला आहे. संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. द्रोणभर भात खाऊन राजा धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. भोजनात मात्रा ओळखणाऱ्याचे दुखणे कमी होते, एवढाच उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो पाठ करायला लावला आणि रोज जेवताना ऐकवायला सांगितले. त्यासाठी त्याला दररोज शंभर कार्षापण दिले. राजाचा आहार हळूहळू उतरला, शरीर हलके झाले. आपल्या घरात सुदस्सनाचे काम लेकरे आनंदाने करतील, आणि तेही फुकट!

उपाशी राहणे हाही मार्ग नव्हे. सिद्धार्थाने कठोर देहदंड सोडून सुजाताची खीर स्वीकारली, हे विसरू नये. म्हणून पौर्णिमेची खीर जरूर घ्यावी, मात्र वाटी लहान असावी.

उपासिकांनी आणि उपासकांनी एवढे करून पाहावे :

लग्नाला निघताना घरून एक भाकरी व भाजी खाऊन निघावे. भुकेल्या पोटी पंगतीत हात आवरत नाही.

बुंदी, जिलेबी, आमरस यांपैकी एका जेवणात एकच गोड घ्यावे. बाटलीतल्या थंड पेयाऐवजी ताक किंवा साखरेविना लिंबूपाणी घ्यावे.

मटणाच्या रश्श्यावरची तर्री बाजूला काढावी. ताटात काकडी, कांदा, मोड आलेले मूग वाढवावेत.

उरलेले वाया जाऊ नये म्हणून घरातली बाई सर्वांच्या मागून पातेले निपटून खाते. अन्न बेताचेच शिजवावे, आणि तिलाही सर्वांच्या बरोबर बसवावे.

मिरवणुकीतले नाचणे एका दिवसाचे असते, चालणे मात्र रोजचे हवे. उन्हाच्या आधी सकाळी अर्धा तास भरभर चालावे. संध्याकाळी वंदनेला विहारात पायी जावे.

काटा नसला तरी शिंप्याचा फीतपट्टा असतोच. कमर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी.

पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर भोजन वर्ज्य करणारे पुष्कळ आहेत. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतते.

आग्रह करणाऱ्यांनीही जाणावे, की माया वाढणाऱ्याच्या हातात असते, ताटाच्या ढिगात नव्हे. बाबासाहेबांचा रथ पुढे न्यायचा तर ओढणारे हातपाय धडधाकट हवेत. जयभीम!