जेडब्ल्यूटी: सही असते, गुप्तता नसते

अभ्यासात सहभागी झालेल्यांचा डेटा एपीआयवरून द्यायचाय? मग जेडब्ल्यूटी टोकन नीट समजून घ्या. आरएफसी ७५१९ (२०१५) मध्ये त्याचं प्रमाण ठरलंय. सही केलेल्या टोकनचे तीन भाग असतात: हेडर, पेलोड आणि सही. पेलोड नुसता बेस६४ मध्ये लिहिलेला असतो, म्हणजे तो कुणालाही वाचता येतो. म्हणून त्यात रुग्णाचं नाव टाकूच नका. मजकुरात कुणी फेरफार केला तर मात्र सही जुळत नाही.

सर्व्हरने दर वेळी सही आणि मुदत दोन्ही तपासायची. अल्गोरिदम सर्व्हरवरच पक्का करा. टोकनवर विश्वास ठेवलात तर ‘नन’ लिहिलेलं बिनसहीचं टोकनही आत शिरू शकतं. चोरलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं, म्हणून मुदत काही मिनिटांचीच ठेवा. आणि लक्षात ठेवा: ओळख पटली नाही तर ४०१, पटूनही हक्क नसेल तर ४०३.