विषुववृत्ताच्या पोटातलं गार पाणी

१७५१ साली कॅप्टन हेन्री एलिस गुलामांच्या व्यापारासाठी निघालेलं जहाज घेऊन आफ्रिकेकडे चालला होता. अटलांटिकमध्ये २५ अंश उत्तर अक्षांशावर हवा २९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली. एलिसने झडपांची एक बादली दोराला बांधून सुमारे १६०० मीटर खोल सोडली. ती वर आली तेव्हा आतल्या तापमापकात जेमतेम १२ अंश! त्या पाण्याने वाइन गार होते, अंघोळही होते, असं त्याने खुशीत इंग्लंडला कळवलं. त्याच जहाजात पुढे माणसं कोंबली जाणार होती, याचा मात्र त्या खुशीवर ओरखडाही नाही.

पण कर्कवृत्ताजवळ इतकं गार पाणी आलं कुठून?

पृष्ठभागाचं गणित सरळ आहे. विषुवदिनी भर दुपारी विषुववृत्तावर सूर्य डोक्यावर असतो. ६० अंश अक्षांशावर तेच ऊन तिरपं पडून दुप्पट जागेवर पसरतं, म्हणजे चौरस मीटरमागे निम्मंच. शिवाय ध्रुवाकडचं बर्फ बरंचसं ऊन परत आकाशात धाडतं, उघडं पाणी ते पिऊन टाकतं. म्हणून एकीकडे २७ ते ३० अंशांचं पाणी आणि दुसरीकडे उणे १.८ अंशांना गोठणारं.

वारे आणि प्रवाह हे गणित जागोजागी मोडतात. रशियाचं मुर्मान्स्क बंदर ६९ अंश उत्तरेला असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यात उघडं राहतं. उलट, कोकणात पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाहेर लोटतात, खालचं गार पाणी वर येतं, आणि विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवरचा समुद्र त्या दिवसांत कधीकधी २० अंशांच्याही खाली उतरतो.

आता एलिसच्या बादलीकडे. ऊन वरच्या शंभरेक मीटरमध्येच संपतं आणि तापलेलं पाणी हलकं म्हणून वरच राहतं. तिकडे ग्रीनलंडच्या आसपास पाणी गार होऊन जड होतं, अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात तर थिजायलाच येतं. बर्फ होताना मीठ मागे सोडतं, उरलेलं पाणी अधिक खारट, अधिक जड होतं आणि बुडतं. तळाने सरकत, शेकडो वर्षं घेत, ते विषुववृत्तही ओलांडतं. खोल समुद्रातला गारवा ध्रुवाकडून येतो, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ काउंट रमफर्डने अशाच मोजमापांवरून ताडलं होतं. समुद्राच्या तापमानाच्या नकाशातला विषुववृत्ताचा लाल पट्टा म्हणजे काहीशे मीटरांची साय. सगळ्या महासागराची सरासरी काढली तर ती ४ अंशांच्याही खाली जाते.

वरच्या आणि खालच्या पाण्यातल्या या फरकाचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर एक प्रकल्प उभारला. पृष्ठभागाचं २८ अंशांचं पाणी कमी दाबाखाली घेतलं की त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते. सुमारे ३५० मीटर खोलीवरून नळाने आणलेलं गार पाणी त्या वाफेला थंड करतं, आणि रोज एक लाख लिटर गोडं पाणी मिळतं.