चेतापेशी आणि चेता : रचना व भेद (कोपरामागील एका चेतेच्या संदर्भात)

प्रस्तावना

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिणी धावते. हा अनुभव नाही असा माणूस विरळा. तेथे खरा आघात होतो तो हाडावर नव्हे, तर हाडालगतच्या खोबणीतून त्वचेखालून जाणाऱ्या 'अल्नर' नावाच्या चेतेवर. प्रस्तुत लेखात या एकाच चेतेच्या आधारे चेतापेशी व चेता यांची रचना आणि त्यांतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. शालेय पाठ्यपुस्तके 'चेता' म्हणतात, मराठी विश्वकोश 'तंत्रिका' म्हणतो, बोलण्यात 'मज्जातंतू' रूढ आहे, आणि 'नस' हा शब्द तर रक्तवाहिनीलाही लावला जातो. शब्दांची ही विविधता एकवेळ चालू शकेल; परंतु चेता म्हणजेच चेतापेशी असे समजणे ही चूक विज्ञान शाखेच्या उत्तरपत्रिकांतही आढळते, आणि ती किरकोळ नाही.

चेतापेशी

चेतापेशीचे तीन भाग सर्वपरिचित आहेत : केंद्रक धारण करणारा पेशीकाय, संदेश स्वीकारणाऱ्या वृक्षिका आणि संदेश दूर नेणारा अक्षतंतू. मानवी मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी असाव्यात, असा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. १८७३ मध्ये कामिल्लो गोल्जी यांनी शोधलेल्या रंजनपद्धतीमुळे या पेशी प्रथमच सुट्या व संपूर्ण दिसू लागल्या. तीच पद्धत वापरून सांतियागो रामोन इ काहाल यांनी प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. गोल्जींना ते अखेरपर्यंत मान्य नव्हते, तरीही १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

मात्र पाठ्यपुस्तकातील आकृतीमुळे प्रमाणाचा भ्रम होतो. करंगळीच्या टोकाची संवेदना वाहणाऱ्या पेशीचा पेशीकाय मानेच्या तळाशी, मेरुरज्जूलगतच्या गुच्छिकेत असतो. त्याचा आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठा नसतो. पण त्याच पेशीचा तंतू दंड, कोपर व मनगट ओलांडून करंगळीपर्यंत, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक अंतर जातो. हाताचे स्नायू हलवणाऱ्या पेशींचे पेशीकाय तर मेरुरज्जूच्या आतच असतात. याचाच अर्थ असा की, कोपरामागील चेतेत पेशीकाय नसतातच. असतात ते केवळ त्यांचे तंतू.

चेतेची अंतर्रचना

चेता ही दोरखंडासारखी असते. प्रत्येक तंतूभोवती नाजूक संयोजी ऊतीचे वेष्टन असते. अशा अनेक तंतूंची जुडी दुसऱ्या, अधिक चिवट आवरणाने बांधलेली असते, आणि सर्व जुड्यांना मिळून एक जाड बाह्यावरण असते. सूक्ष्म रक्तवाहिन्याही यातच असतात. मधले आवरण विशेष महत्त्वाचे आहे. ते सहजासहजी ताणले जात नाही, त्यामुळे आत सूज आली की तिला पसरायला जागा उरत नाही व तंतू चेपले जातात.

तंतूंलगत श्वान पेशी असतात. जाड तंतूंभोवती त्या मायलिनचे थर गुंडाळतात. संदेश थरांमधील एका खंडावरून दुसऱ्या खंडाकडे जणू उड्या घेत जातो आणि त्याचा वेग सेकंदाला ५० मीटरहूनही अधिक होतो. मायलिनरहित बारीक तंतूंत हाच वेग सेकंदाला साधारण एक मीटर असतो. ठेच लागल्यावर स्पर्श आधी कळतो व ठणका मागाहून येतो, त्याचे कारण हेच.

भेदाचे महत्त्व

चेता कोपरापाशी कापली गेली तर तेथून पुढचा तंतूंचा भाग पेशीकायापासून तुटल्यामुळे नष्ट होतो. ऑगस्टस वॉलर यांनी हे १८५० मध्ये दाखवून दिले. पेशीकाय मात्र बहुधा जिवंत राहतो आणि श्वान पेशींनी राखलेल्या वाटेने नवा तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढू शकतो. कोपरापासून तळहाताचे स्नायू जवळजवळ ३० सेंटिमीटर दूर. म्हणजे तंतू पोहोचण्यास दहा महिने लागतात. वर्ष-दीड वर्ष चेतेविना राहिलेला स्नायू पुढे सहसा कामाचा राहत नाही. जोडशस्त्रक्रियेस होणारा विलंब म्हणूनच महागात पडतो.

याच चेतेवर कुष्ठरोगाचा घाला विशेष असतो. त्याचा जंतू हॅन्सेन यांना १८७३ मध्येच दिसला. हा जंतू श्वान पेशींत शिरतो व शरीराच्या तुलनेने थंड भागांत वाढतो. कोपरामागे त्वचेलगत असलेली चेता त्याला सोयीची ठरते. चेता जाड होते आणि तपासणाऱ्याच्या बोटांना दोरीसारखी लागते. करंगळी व अनामिका वाकतात, त्यांची संवेदना जाते. राष्ट्रीय पातळीवर सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे भारताने २००५ अखेर जाहीर केले. तरीही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच नोंदले जातात व महाराष्ट्र त्याला अपवाद नाही. बहुविध औषधोपचार विनामूल्य आहेत. त्यांनी जंतू मरतात, परंतु फार काळ चेपलेले तंतू त्यामुळे पुन्हा उगवत नाहीत. चेतेतील ताजी सूज ओळखली गेल्यास स्टेरॉइडने पुष्कळ कार्य वाचवता येते.

वेळ टळून गेलेल्या रुग्णांसाठी वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंडरा वळवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. निरोगी चेतेवर चालणाऱ्या स्नायूची कंडरा वाकलेल्या बोटांना जोडली की बोटे सरळ होतात. करंगळीची संवेदना मात्र त्यातून परत येत नाही. चुलीवरचे भांडे तापले आहे की नाही, हे रुग्णाला डोळ्यांनीच ठरवावे लागते.