लाटण्याचा नाद

सरकारदरबारी दाद लागत नाही, म्हणून अर्ज करणारे पुष्कळ असतात. तोच अर्ज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर आणि कानांपर्यंत नेणारी माणसे मात्र थोडी. कै. मृणालताई गोरे या अशा थोड्यांपैकी एक होत. मुंबईशी सोयरसंबंध असलेल्या आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांना ‘पाणीवाली बाई’ हे त्यांचे नाव परके नाही.

मृणालताईंचा जन्म १९२८ सालचा, माहेरचे आडनाव मोहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. समाजवादी कार्यकर्ते केशव तथा बंडू गोरे यांच्याशी विवाह करून त्यांनी गोरेगावात बिऱ्हाड मांडले. १९५८ साली पतीचे निधन झाले. पदरी लहान मुलगी होती. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. उपनगरातील वस्त्यांना पाणी मिळणे हा उपकार नसून नागरिकांचा हक्क आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांना लोकांनी दिलेले नाव याच लढ्यातून आले.

१९७२ साली दुष्काळ पडला. धान्य महागले, तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले. तेव्हा मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी आदी भिन्न पक्षांच्या स्त्रिया महागाईच्या विरोधात एकत्र आल्या. हाती घेण्यासाठी त्यांनी निवडले ते लाटणे! हजारो गृहिणी लाटणी उगारून रस्त्यावर उतरल्या, आणि ज्यांचा पाय घराबाहेर निघणे कठीण, त्यांनी घरातूनच थाळ्या वाजवून साथ दिली.

हा तमाशा आहे, अशी टीका त्या वेळी झाली, आजही होते. आमच्या मते ती टीका लाटण्याचे मर्म ओळखत नाही. रिकाम्या डब्याचे दुःख बाई एरवी चार भिंतींआड गिळते. पोळीच नसेल तर लाटणे काय कामाचे, हा प्रश्न त्या मोर्चाने चारचौघांत आणला. त्यासाठी भाषण येणे आवश्यक नव्हते, अक्षरओळखही नव्हती. मंत्र्याला हसू येवो वा राग, त्याला उत्तर द्यावे लागे.

तो नाद लवकरच गुजरातेतही ऐकू आला. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या विद्यार्थ्यांनी भोजनालयाच्या वाढलेल्या दरांवरून सुरू केलेल्या असंतोषाचे नवनिर्माण आंदोलन झाले. लटकी न्यायालये भरली, भ्रष्ट कारभाराच्या प्रेतयात्रा निघाल्या, आणि स्त्रियांनी थाळ्या बडवून सरकारचा मृत्युघंट वाजविला. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला.

पुढे आणीबाणीत आमच्या शहराचे नाव निराळ्याच कारणाने देशभर झाले. १९७६ सालच्या ‘बडोदा डायनामाइट’ खटल्यात जॉर्ज फर्नांडिस हे प्रमुख आरोपी होते. १९७७ साली तो खटला मागे घेण्यात आला. मृणालताई त्याच समाजवादी परिवारातल्या. त्याही भूमिगत राहिल्या, त्यांनीही तुरुंग भोगला. परंतु लोकांच्या आठवणीत त्यांचे शस्त्र राहिले ते लाटणेच. १९७७ च्या निवडणुकीत त्या लोकसभेवर गेल्या, इंदिराजी पराभूत झाल्या, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली.

तथापि केवळ घोषणांनी नळाला पाणी येत नाही, हे मृणालताई पुरते जाणून होत्या. मोर्चा पांगल्यावर कागदपत्रे घेऊन अधिकाऱ्यांपुढे बसण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. गर्भलिंगचाचणीस आळा घालणाऱ्या कायद्यासाठी त्यांनी विधानसभेत पाठपुरावा केला. महाराष्ट्राने असा कायदा देशात प्रथम, १९८८ साली केला. गोरेगावजवळ दिंडोशी येथे नागरी निवारा परिषदेच्या द्वारे अल्प उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना त्यांनी हक्काचे घर मिळवून दिले. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज निषेधाची चित्रे क्षणात जगभर पोचतात, आणि तितक्याच लवकर विसरली जातात. मृणालताईंचे लाटणे विसरले गेले नाही, कारण त्या नादामागे वर्षानुवर्षांचे काम उभे होते. आपल्या गल्लीतील नळाची, दिव्याची वा शाळेची तक्रार घेऊन उभ्या राहणाऱ्या आमच्या भगिनींनी त्यांच्यापासून दोन्ही गोष्टी घ्याव्यात: थाळी वाजविण्याचे धैर्य, आणि थाळीत अन्न पडेपर्यंत जागचे न हलण्याची जिद्द.