भाकरीची बुट्टी, रोट्टीची बुट्टी

खाण्याची आवड असलेल्या माणसानं सीमाभागात जन्माला यावं आणि जमलं तर लग्नही पलीकडच्या भाषेत करावं. मला दोन्ही जमलं. माझं माहेर बेळगावच्या शहापुरातलं, मराठी. सासर बैलहोंगलकडचं, कानडी. सदतीस वर्षांच्या संसारात पैशावरून, पाहुण्यांवरून, मुलांच्या शाळेवरून वाद झाले. चुलीपाशी मात्र दोन्ही भाषा पहिल्या दिवसापासून मांडीला मांडी लावून बसल्या. ‘जेवलात का?’ आणि ‘ऊटा आतेन?’ हे दोन्ही प्रश्न आमच्या दारात एकदमच विचारले जातात. पाहुणा कुठल्याही भाषेचा असो, ‘झालंय’ म्हणून सुटका होत नाही.

सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. आता त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मी सासरी नवं काही शिकायच्या तयारीनं गेले, तर अर्धंअधिक ओळखीचंच निघालं. आपली ज्वारीची भाकरी ती त्यांची जोळद रोट्टी. भरलं वांगं म्हणजे एणगाई, पुरणपोळी म्हणजे होळगी, धपाटं म्हणजे दपाटी. आप्पे झाले पड्डू, नाहीतर गुंडपंगळा. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की लातूरकडं त्याला सुशीला म्हणतात आणि हुबळी-धारवाडकडं सुसला. आपलं तूप तिकडं तुप्प. दहीबुत्ती ती मोसरु बुत्ती. आणि भाकऱ्या ठेवायची बुट्टी दोन्हीकडं बुट्टीच!

पण खरी गंमत सारखेपणात नाही, दोन हातांमधल्या थोड्याशा फरकात आहे. माझी आई झुणका करायची तो भरपूर कांदा घालून, मोकळा. अव्वा जुणकद वडी करतात. पीठ घट्ट शिजवून ताटात थापायचं, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर पेरायची आणि वड्या पाडायच्या. दुसऱ्या दिवशी ही वडी, गार भाकरी आणि दही एवढं असलं की मला दुसरं काही नको.

अंबाडीचंही तसंच. आपण अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालतो. त्यांची पुंडी पल्या तीच, कण्यांना फक्त नुच्चु म्हणायचं. मैत्रिणी विचारतात म्हणून कृती इथंच देते. अंबाडीची एक जुडी निवडून, धुऊन, चिरून उकडायची आणि आंबट पाणी पिळून टाकायचं. अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी कण्या आणि मूठभर शेंगदाणे मऊ शिजवून घ्यायचे. त्यात भाजी, वाटलेली हिरवी मिरची, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून घोटायचं आणि मंद आचेवर दहा मिनिटं रटरटू द्यायचं. वरून तेलात दहा-बारा लसूण पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या लाल करून ओतायच्या. माहेरी लसूण ठेचून घालायचे, अव्वा अख्ख्या पाकळ्या घालतात. मी निम्म्या ठेचते, निम्म्या अख्ख्या ठेवते. दोन्ही घरांचं मन राखायचं असेल तर एवढं करावंच लागतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची भाषेवार वाटणी झाली, पण मिरचीला कुणी विचारलं नाही. कोल्हापूरचं कांदा-लसूण तिखट सगळीकडं नावाजलेलं आहे. त्याला रंग येतो तो हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या मिरचीनं. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती दिसायला लालभडक, पण जिभेला सोसणारी. ठसका देणारी संकेश्वरी मिरची आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाची. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर दोन्ही मिरच्या शेजारी शेजारी वाळतात आणि डंकावर एकत्रच कुटल्या जातात. डबा एकच, मी त्याला चटणी म्हणते आणि अव्वा मसाला खार म्हणतात.

सणावारी दोन घरांचे नियम मात्र समोरासमोर येतात. नागपंचमीला माहेरी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं वाफवायची. सासरकडं पंचमी म्हणजे लेकींचा सण. माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात आणि घरात उंड्यांचे डबे भरतात. शेंगांची उंडी, ज्वारीच्या लाह्यांच्या पिठाचं अळ्ळिट्टु, भाजलेल्या पिठाचं गुळातलं तंबिट्टु. आमच्याकडं तोडगा अव्वांनीच काढला. उंड्या चार दिवस आधी वळून ठेवायच्या आणि पंचमीला फक्त दिंडांचा मोदकपात्र चढवायचा. नियम मोडला नाही आणि ताटात एक गोड जास्त आलं. संक्रांतीला गुळपोळी करायची की शेंगा होळगी, हा वादही असाच मिटला. दोन्ही करायच्या. शिवाय तीळगूळ देताना मराठी माणूस गोड बोला म्हणतो आणि एळ्ळु-बेल्ल देताना कानडी माणूस चांगलं बोला म्हणतो. दोघांचं मागणं एकच.

आता बाहेरच्या खाण्याविषयी. मला चकचकीत हॉटेलांचं वावडं नाही, पण जीव रमतो तो हुबळी-धारवाडच्या खानावळीत. हा शब्दही दोन्ही भाषांत तोच. ताटात आधी मीठ, लोणचं, शेंगाची चटणी, कारळ्याची म्हणजे गुरेळ्ळची चटणी, कच्ची कांदापात नाहीतर मेथी आणि वाटीत दही येतं. मग एक पालेभाजी, एक मोड आलेली उसळ आणि एणगाई. शेवटी तव्यावरची रोट्टी. वाढणारा माणूस ‘साकु’ ऐकायला तयार नसतो. ‘इन्नोंद’ म्हणत तो पुढची रोट्टी टाकतो आणि पुढं निघूनही जातो. आग्रह हा तिथल्या जेवणातला न लिहिलेला पदार्थ आहे.

सुटीतलं आमचं आवडतं ठिकाण म्हणजे बदामीजवळचं बनशंकरी. देवी शाकंभरी. कित्येक कानडी घरांची ती कुलदेवता आणि मराठी घरांचीही. देवळाच्या आवारात बायका टोपलीत रोट्टी, चटण्या, उसळ आणि लहान मडक्यातलं दही घेऊन बसतात. दर्शन झालं की झाडाखाली बसायचं, कागदावर रोट्टी घ्यायची आणि मडक्यातलं दही त्यावर पालथं करायचं. पंचतारांकित जेवण मी जेवले आहे, पण त्या दह्याची चव तिथं मिळाली नाही.

दुसरी सुटी गोव्याची. चोर्ला घाट उतरला की मी मासे खायला मोकळी होते. सासरची मंडळी शाकाहारी, त्यामुळं टेबलाच्या एका बाजूला सुरमई आणि दुसऱ्या बाजूला तोंडाक, सोलकढी आणि भात. सकाळी पातळ भाजी-पाव आणि बन्स यावर मात्र सगळ्यांचं एकमत. बेळगावची भाजी रोज गाड्या भरभरून गोव्यात उतरते, हे अव्वांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळं गोव्यातल्या कुठल्याही ताटातली भाजी चाखून त्या समाधानानं म्हणतात, ‘नम्मूर काइपल्ले.’ आमच्या गावची भाजी!

इतकं सगळं सांगितलं ते केवळ तोंडाला पाणी सुटावं म्हणून नाही. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

माझी मुलगी बेंगळूरुला नोकरी करते. जावई उत्तरेकडचे आहेत. त्यांच्या घरात हिंदी आणि इंग्रजी चालतं. सात वर्षांच्या नातीला शाळेत थोडं कानडी शिकवतात, पण ते पुस्तकातलं. अव्वांचं कानडी बैलहोंगलचं, त्याची चालच निराळी. नात सुटीला आली तेव्हा तिला पणजीकडून किती शब्द आले ते मी सहज मोजले. तीसेक भरले. रोट्टी, हंचु म्हणजे तवा, उप्पु, बेल्ल, तुप्प, मज्जगी, साकु, ब्याड... एक-दोन सोडले तर सगळे स्वयंपाकघरातले. मग माझ्याकडून तिला मिळालेले मराठी शब्द मोजले. कण्या, फोडणी, उलथनं, परात, वाफ, चिमूटभर. तेही तिथलेच!

आपल्यासारख्या घरांत दुसरी भाषा शाळेत टिकत नाही, ऑफिसात टिकत नाही आणि टीव्हीवर तर नाहीच नाही. ती टिकते ओट्यापाशी, कारण तिथं हाताला काम असतं आणि तोंडाला गप्पा असतात. आता ओट्यापाशी उभं राहायला वेळ नाही. त्यात कुणाचा दोष काढायचा नाही, सगळ्यांचीच धावपळ आहे. कडक रोट्टीची पुडकी दुकानात मिळतात, महिनाभर टिकतात, मीही आणते. त्या विकून कितीतरी बायकांच्या घरात पैसा येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून मुलीच्या मैत्रिणींनाही ज्वारीचं कौतुक वाटू लागलं आहे. म्हणजे ज्वारी टिकेल. पण पुडक्यातून रोट्टी येते, तिच्याबरोबरचं बोलणं येत नाही.

आणि त्या बोलण्यात खरी विद्या असते. अव्वांचा एक शब्द आहे, ‘हद’. पुरण शिजलं, पाक झाला, पीठ मळलं की त्या म्हणतात, ‘हदक्क बंतु.’ म्हणजे जसं व्हायला हवं तसं झालं, ना कमी ना जास्त. ह्याला नेमका मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. उलट आईचा शब्द होता ‘विरी’. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून पीठ ताजं लागतं आणि पाणी उकळतं लागतं, हे सगळं त्या एका शब्दात यायचं. अव्वा त्यालाच जिगी म्हणतात. विरी आणि जिगी हे शब्द ज्याला माहीत आहेत त्याला भाकरीतलं निम्मं शास्त्र आपोआप कळतं. शब्द गेला की ‘माझी भाकरी का तुटते?’ याचं उत्तर शोधत बसावं लागतं.

मागच्या दिवाळीनंतर मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. भाकरीच्या कडा फाटत होत्या. अव्वांना पडद्यावर नीट दिसेना, तर म्हणाल्या, ‘मला दाखवू नकोस, नुसती बडव.’ कानडीत रोट्टी थापत नाहीत, बडवतात. मुलीनं चार-सहा हात मारले. अव्वांनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, ‘पीठ कधीचं?’ पीठ दोन महिन्यांचं होतं. दुसऱ्या आठवड्यात मुलीनं ताजं दळून आणलं, पाणी खळखळ उकळून घेतलं आणि फोन करून फक्त दोनच शब्द सांगितले, ‘हदक्क बंतु.’ अव्वा दिवसभर प्रत्येकाला तेच सांगत होत्या.

म्हणून वाचकहो, एक साधी गोष्ट सुचवते. घरात शंभर पानी वही आणा. प्रत्येक पदार्थाची दोन्ही नावं लिहा, कानडी नाव देवनागरीत लिहिलं तरी चालेल. वाटी-चमच्याचं माप तर लिहाच, पण त्याखाली आजी, अव्वा, आई, अत्ती जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. कशाचा वास आला की खाली उतरवायचं, कसा आवाज आला की पाणी घालायचं, कुठल्या सणाला काय करायचं नाही. मुलांनाच लिहायला बसवा, अक्षर कसंही असो. मुलगे असतील तर त्यांनाही बसवा. आमच्या घरात सगळ्यात चांगली एणगाई माझा मुलगा करतो.

आणि आठवड्यातून एकदा तरी विकतची पुडकी कपाटात राहू द्या. घरातल्या मोठ्यांचा हात चालतोय तोवर त्यांच्याशेजारी पाट मांडून बसा आणि दोन भाकऱ्या स्वतःच्या हातानं बडवा. वेड्यावाकड्या झाल्या तरी काळजी नको. शेंगाची चटणी आणि दही असलं की कुठलीही भाकरी गोडच लागते.